‘अ‍ॅस्परगर’ वगळले, पण माणसांना विचारले का?

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेतून ‘अ‍ॅस्परगर’ हे निदान वगळून ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये सामावून घेतले. निर्णयाला आधार होता. उत्तर अमेरिकेतील १२ विद्यापीठीय केंद्रांच्या अभ्यासात, मुलाला कोणते लेबल मिळणार हे त्याच्या लक्षणांपेक्षा तो कोणत्या केंद्रात तपासला गेला यावर अधिक ठरत असल्याचे दिसले होते. पुढे २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांनिशी दाखवले, की ज्यांचे नाव या निदानाला दिले गेले, त्या हान्स अ‍ॅस्परगर यांनी व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत मुले पाठवली होती. नाझी राजवटीत तिथे शेकडो अपंग मुले मारली गेली.

तरीही, आपण इतरांहून वेगळे का, याचे उत्तर ज्यांना ऐन चाळिशीत या नावातून मिळाले, त्यांची नाराजी हट्ट म्हणून झटकता येणार नाही. जुने नाव जपले तर ‘हुशार’ आणि ‘गंभीर’ अशी उतरंड तयार होते, हा आक्षेप रास्त आहे. चोवीस तास आधार लागणारी मुले त्यात मागे ढकलली जातात. पण ही उतरंड टाळायची तर अहवालात कोणती मदत, किती लागते हे नेमके लिहावे लागेल. दाखल्यावर पुस्तिकेतलेच नाव असू द्या. स्वतःची ओळख कोणत्या शब्दात सांगायची, हे मात्र ज्याचे त्याला ठरवू द्या.