चिपमधले पाणी आणि गच्चीवरचे पाणी

डेटा सेंटर पाणी पितात, हा आरोप हल्ली आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही फिरतो. तो अर्धाच खरा आहे. आणि अर्ध्या माहितीवर निवेदन दिले की ते फायलीत पडून राहते, हे आपण पुष्कळदा अनुभवले आहे. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ.

एनव्हीडियाची एच-100 ही एक चिप 700 वॅटपर्यंत वीज घेते. पुढच्या पिढीच्या 72 चिप एका रॅकमध्ये बसवल्या की तो एकटा रॅक सुमारे 120 किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. पंख्याने हे निभत नाही. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे चिपवर तांब्याची प्लेट बसवून तिच्या बारीक खाचांतून पाणी आणि ग्लायकॉलचे मिश्रण फिरवतात. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच थंड होतो. हे मिश्रण बंद नळ्यांत फिरत राहते, रोज नवे भरावे लागत नाही.

मग पाणी जाते कुठे? बहुधा गच्चीवर. उष्णता बाहेर टाकायला कूलिंग टॉवर असेल, तर तिथे पाण्याची वाफ होते. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हिशेब केला तरी कळते: एक मेगावॅट उष्णता तासभर वाफेनेच घालवायची तर सुमारे 1500 लिटर पाणी उडते. कोरडे रेडिएटर लावले तर हे पाणी वाचते, पण मग नळ्यांतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावे लागते. 45 अंशांच्या पाण्यावर यंत्रे चालणार असतील तर ऐरोली-महापेत ते जमेल. मे महिन्यात भर दुपारी नागपुरात कठीण. तिथे चिलर लावावा लागेल, म्हणजे विजेचे बिल वाढणार. 2010 मध्ये झुरिकला अ‍ॅक्वासार या संगणकाच्या गरम पाण्याने इमारती उबदार केल्या गेल्या. आपल्याला त्याचा काय उपयोग!

म्हणजे पाणी वाचवा म्हटले की वीज वाढते आणि वीज वाचवा म्हटले की पाणी. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेत पाणी आणि वीज यांचा विचार एकत्रच केला होता. आपली मागणीही तशीच हवी: डेटा सेंटर नको, अशी नाही, तर दोन्हींचा हिशेब जाहीर करा, अशी.

सुरुवात आपणच करू शकतो. एमआयडीसीला माहिती अधिकाराचा अर्ज लागू होतो, शुल्क 10 रुपये. प्रश्न तीन: प्रत्येक केंद्राला रोज किती पाणी मंजूर आहे? ते पिण्याचे की प्रक्रिया केलेले सांडपाणी? गच्चीवर टॉवर आहे की रेडिएटर? उत्तराची मुदत 30 दिवस.