उघड्यावरील विमानें

आमच्या कापडे गांवीं मृगापूर्वीं घरें शाकारावीं लागतात. एक वर्ष आळस केला कीं वासे कुजूं लागतात. हें स्मरण आम्हांस गोव्यांत, दाबोळीजवळील बोगमाळो येथें, नौदलाच्या विमान-संग्रहालयांत झालें. १९९८ सालीं उघडलेल्या ह्या संग्रहालयाच्या आवारांत सेवानिवृत्त विमानें मोकळ्या आभाळाखालीं उभीं आहेत. त्यांत 'सी हॉक' आहे. १९७१ च्या डिसेंबरांत ह्याच जातीच्या विमानांनीं 'विक्रांत' नौकेवरून उडून कॉक्सबाझार व चितगांव येथें हल्ले केले. पुढें 'विक्रांत' मुंबईस कित्येक वर्षें संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु २०१४ सालीं ती मोडींत निघाली. म्हणून मुलांस बोट दाखवून तो इतिहास सांगावयास हीं विमानें आतां अधिकच मोलाचीं.

पण ॲल्युमिनियमचा पत्रा व पोलादी खिळा यांमध्यें खारें पाणी शिरलें कीं पत्रा झिजतो. वेळोवेळीं धुणें, रंगविणें, सांचल्या पाण्यास वाट करून देणें, हाच त्यावर उपाय. उद्घाटन हें नैमित्तिक कर्म; जतन हें नित्यकर्म. नित्यकर्म केल्यानें कोणी नांवाजीत नाहीं. न केल्यास प्रत्यवाय मात्र घडतो. वाचकांनीं मुलांस घेऊन तेथें अवश्य जावें, आणि विमानें पाहतांना रंगाचे पोपडे सुटले आहेत काय, हेंहि पाहावें.