आगकाड्यांचें शास्त्र

शास्त्र प्रयोगशाळेंत जन्मतें आणि गुणपत्रिकेंत सफल होतें, असा आम्हां सुशिक्षितांचा दृढ समज झालेला आहे. मुलगा घड्याळ उघडून बसला कीं आम्ही त्याला दटावतों. आणि शास्त्रांत त्याची गति नाहीं, ही तक्रारहि आम्हीच करतों!

श्री. अरविंद गुप्ता हे १९७८ सालीं नोकरींतून रजा घेऊन होशंगाबाद जिल्ह्यांतील विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमांत गेले. तेथें सायकलच्या झडपेवरील बारीक रबरी नळीच्या तुकड्यांनीं आगकाड्या जोडून त्यांनीं आकृत्या रचल्या. चार काड्यांचा चौकोन बोट लागतांच कलतो; तीन काड्यांचा त्रिकोण ढळत नाहीं. पुलाच्या सांगाड्यांत त्रिकोणच कां दिसतात, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

हा खेळ पुढें पुण्यास, आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत, आला. तरी 'हें खेड्यांतील गरीब मुलांना ठीक' असें म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस भेटतातच. विकतच्या पेटींतलें तें शास्त्र, कचऱ्यांतून केलेली ती करमणूक! त्रिकोण काय बापाची मिळकत पाहून ताठ राहतो?

याहून खेदाची गोष्ट मुलींची. कुकरच्या शिट्या मोजण्यास आम्ही मुलीलाच बसवितों. आंत कोंडलेल्या वाफेचा दाब वाढून पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, म्हणून डाळ लवकर शिजते, हें मात्र तिच्या भावाच्या पुस्तकासाठीं राखून ठेवतों. तिनें विचारलेंच, तर 'चार झाल्या कीं पांच, तेवढें सांग' असें उत्तर मिळतें.