खलनायकांची युती आणि लेखकाची सुट्टी

परवा जालन्यात एका व्याख्यात्यांनी लोकप्रिय कादंबरीवर तासभर भाषण ठोकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एकट्यादुकट्या खलनायकापुढे नायकाचा कस लागत नाही. सगळे वैरी आपापली भांडणं मिटवून एकत्र आले, की कथेला खरी धार येते. मराठी लेखक या बाबतीत भेकड आहे. तो एक पाटील, एक सावकार, फार तर एक आमदार एवढ्यावर भागवतो. परदेशात बघा, खलनायकांच्या अख्ख्या टोळ्या उभ्या राहतात! आणि पुराव्यादाखल त्यांनी थेट आपल्याच जिल्ह्यातली असई काढली. एका इंग्रजी कादंबरीत असईची लढाई आहे. एकीकडे धाडसी नायक, दुसरीकडे दुष्टांची सगळी फळी. भोकरदनच्या बाजूची आपली माती जगभरच्या वाचकांपर्यंत पोचली, याचा जालनेकरांना अभिमान वाटला पाहिजे, असा समारोप झाला आणि टाळ्या पडल्या.

मला अभिमान वाटला नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कादंबरी उघडून पाहिली, असा प्रश्न तेवढा पडला.

किरकोळ आक्षेप आधी उरकून घेतो. परदेशी टोळ्यांचं म्हणाल, तर त्या फार मोठ्या मानायचं कारण नाही. 1964 साली स्पायडर-मॅनच्या चित्रकथेत सहा खलनायकांची ‘सिनिस्टर सिक्स’ ही टोळी पहिल्यांदा आली. सहा जण एकत्र जमले, बेत ठरला, आणि मग त्यांनी पत्ते ओढून नंबर लावले: आधी कोण लढणार, नंतर कोण. म्हणजे युती करून पुन्हा एकेकट्यानेच मार खाल्ला! रेशनच्या दुकानासमोरची रांग याहून एकजुटीची असते. दुसरं, मराठी लेखक टोळ्या लिहीत नाही हे सपशेल खोटं. रोज रात्री साडेसातपासून कुठलंही मराठी चॅनेल लावा. काकू, नणंद, सुनेची जुनी मैत्रीण आणि कंपनीतला मॅनेजर असे चौघे स्वयंपाकघराच्या दाराआड कारस्थान रचताना दिसतील, तेही सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शिवाय मधूनमधून दोन मालिका एकत्र आणणारा ‘महासंगम’ असतोच. तिसरं, खलनायकांची संख्या वाढवल्याने नायक मोठा होत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता असईकडे येतो, कारण खरा राग तिथे आहे.

कादंबरी बर्नार्ड कॉर्नवेलची, ‘शार्प्स ट्रायम्फ’, 1998 सालची. नायक रिचर्ड शार्प, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबरचा सार्जंट. असईच्या धुमाळीत तो इंग्रजांचा सेनापती जनरल वेलस्ली याचा जीव वाचवतो आणि अधिकारी होतो. मुख्य खलनायक डॉड नावाचा कंपनीचा पळपुटा इंग्रज अधिकारी आहे, हे मान्य. पण तो पळून कुणाच्या छावणीत येतो? शिंद्यांच्या. त्या छावणीत आणखी कोण असतं? नागपूरकर भोसले. म्हणजे व्याख्यात्यांनी ज्या ‘दुष्टांच्या फळी’ला टाळ्या मिळवल्या, तिच्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले बसले आहेत. जालन्याच्या मंचावरून, जालन्याच्या श्रोत्यांसमोर, हे सांगून अभिमान बाळगायला सांगणं म्हणजे कमाल झाली. इंग्रज लेखकाने इंग्रजाच्या बाजूने लिहावं, त्यात त्याचा दोष नाही. दोष आपण ते उसनं घेऊन वर टाळी देण्याचा आहे.

पण भावना बाजूला ठेवू. हिशोब करू. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला नेमकं कोण कोणाविरुद्ध एकत्र आलं होतं?

शिंदे आणि भोसले एकत्र होते, खरं. होळकर कुठे होते? लांब. आणि का लांब, हे माहीत नसेल तर त्या युतीवर बोलूच नये. 1801 साली यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात पेशव्याने हत्तीच्या पायी दिलं होतं. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवा आणि शिंदे या दोघांच्या फौजा उधळल्या. त्यानंतर पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, त्यांच्याशी वसईचा तह झाला. एवढं रक्त सांडल्यावर अकरा महिन्यांत होळकरांनी शिंद्यांच्या खांद्याला खांदा लावावा, ही अपेक्षा मालिकेच्या लेखकानेच करावी. होळकर पुढे 1804 साली लढले, तेव्हा शिंदे आणि भोसले सोबत नव्हते.

आता समोरची बाजू पाहा. वेलस्ली एकाकी वीर? त्याच्यासोबत म्हैसूरचे स्वार होते. पेशव्याच्या बाजूचे मराठा स्वार होते. कर्नल स्टीव्हन्सनच्या वेगळ्या तुकडीने तीन आठवडे आधीच जालन्याचा किल्ला घेतला होता. तिच्याबरोबर निजामाची फौज होती. 21 सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि वेगवेगळ्या वाटांनी भोकरदनकडे निघाले. म्हणजे त्या महिन्यात जालना जिल्ह्यात एक भक्कम, करारबद्ध युती होतीच. ती नायकाची होती! आणि ज्यांना फळी म्हणून रंगवलं, ते दोन सरदार होते, त्यातही एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघणारे.

लढाईतही तेच दिसलं. शिंद्यांची कवायती पलटण पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती. त्याआधीच शिंद्यांच्या नोकरीतले बरेच ब्रिटिश अधिकारी कंपनीने आमिष दाखवून काढून नेले होते. वेलस्लीच्या वाटाड्यांनी केळना नदीला जवळपास उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीने दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, एक पिंपळगाव, एक वरूड. आमनेसामने दोन गावं असतील तर मधून येणं-जाणं असणारच, असा त्याने तर्क केला. उतार सापडला आणि फौज केळना आणि जुईच्या दुआबात शिरली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजी रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर फिरवल्या. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584 माणसं गेली. आणि युतीचे मालक? भोसले सुरुवातीलाच मैदानातून निघाले, शिंदे त्यांच्यामागोमाग. हजारोंचं घोडदळ बघत राहिलं. 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

ही खरी युती. हिच्यात शौर्य गोलंदाजाकडे होतं आणि निर्णय पळणाऱ्याकडे. कुठल्या कादंबरीतली दुष्टांची फळी एवढी गुंतागुंतीची असते?

आणखी एक राहिलं. दुष्टांच्या युत्या आपल्या पुराणांतही आहेत, असा दाखला व्याख्यात्यांनी जाताजाता दिला. दुर्योधन, दुःशासन, शकुनी, कर्ण ही चांडाळचौकडी. अहो, पण व्यासांनी ती कशी लिहिली ते पाहा की! भीष्मांनी कर्णाला अर्धरथी म्हटलं, म्हणून भीष्म पडेपर्यंत कर्ण लढायलाच उतरला नाही. कौरवांचा सर्वांत मोठा धनुर्धर पहिले दहा दिवस रुसून बसला होता. शल्य तर नकुल-सहदेवांचा मामा. दुर्योधनाने वाटेत पाहुणचार करून त्याला फसवून आपल्या बाजूला ओढलं, आणि तो कर्णाचा सारथी होऊन ऐन युद्धात कर्णाचाच पाणउतारा करत राहिला. ही फळी एकदाच पूर्ण एकत्र आली, ती चक्रव्यूहात अडकलेल्या एका सोळा वर्षांच्या पोराला घेरायला. तिथेही व्यास टाळ्या मागत नाहीत.

मला हा वाद नवा नाही. रहस्यकथा म्हणजे साहित्यच नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी आम्ही तरुणपणी तावातावाने भांडलो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचून पोरं बिघडतात, असं सांगणाऱ्या विद्वानांना तेव्हा उत्तर दिलं, की पोरं वाचायला शिकतात. गंमत म्हणजे त्याच गोटातून आता ‘लोकप्रिय साहित्याची ताकद’ वगैरे भाषणं येऊ लागली आहेत. तेव्हा सगळंच टाकाऊ होतं, आता सगळंच थोर झालं. तेव्हाही वाचलं नव्हतं, आताही वाचलेलं नाही. असो. मुद्दा सोडून भरकटलो, पण ही जुनी कळ आहे.

मग हवं काय? माझी मागणी लहान आहे. खलनायक जरूर एकत्र आणा, पण ते का आले, हे लिहा. कोण काय घेणार, कोण कोणाला आधी विकणार, कोणाच्या मनात जुना डाग आहे, एवढं तरी सांगा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून निघालेला जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट 1979 साली आला. त्यातला विश्वासराव दाभाडे मुख्यमंत्र्याला खाली खेचायला माणसं जमवतो, तेव्हा प्रत्येक जण मनातल्या मनात आपलं खातं मोजतो. त्या खोल्यांत कोणी अट्टहास करत नाही, तरी अंगावर काटा येतो. ‘सामना’ चित्रपटात तर एकटा हिंदुराव धोंडे पाटील पुरतो. साखर कारखाना, गाव, पोलीस सगळं त्याच्या खिशात आहे, म्हणून त्याला टोळी लागत नाही. भेकडपणाचा आरोप करणाऱ्यांनी निळू फुलेंचा तो पाटील पुन्हा एकदा पाहावा.

असईचा शेवटही युतीचं गणितच सांगतो. डिसेंबर 1803 मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव असे दोन तह झाले, भोसल्यांचा वेगळा आणि शिंद्यांचा वेगळा. युती तहाच्या टेबलावरही एकत्र बसली नाही. शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यातला जालना इंग्रजांनी निजामाच्या पदरात टाकला, कारण त्यांच्या युतीत वाटा ठरलेला होता. तो वाटा, म्हणजे निजामाचं राज्य, आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत भोगला.

वाचकांना एवढंच सांगतो. पुढच्या कादंबरीत चार खलनायक एका टेबलाभोवती बसलेले दिसले, तर नायकाची काळजी करू नका; लुटीचा वाटा कोणाला किती, हे लेखकाने लिहिलंय का ते पाहा. लिहिलं नसेल तर पुस्तक मिटा. आणि व्याख्यात्यांनी पुढच्या वेळी असईचं नाव घेण्याआधी एकदा केळनेच्या काठावर जाऊन यावं. भोकरदनला जायला एसटी आहे.