‘शांत आहे’ म्हणजे बरा आहे काय?

स्किझोफ्रेनिया, अथवा मराठीत वापरली जाणारी संज्ञा घ्यावयाची तर छिन्नमनस्कता, या विकाराविषयी आमच्या सुशिक्षित वर्गाचे ज्ञान अद्याप चित्रपटांतील वेड्याच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव योजिले, तेव्हा त्यांच्या मनात एका देहात नांदणारी दोन माणसे नव्हती. विचार, भावना व वर्तन यांची परस्परांशी असलेली सांगड सुटते, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर तीनशे माणसांमागे सुमारे एकास हा विकार आहे. तेव्हा अशी घरे आपल्या शहराच्या प्रत्येक पेठेत असणार. ती बोलत नाहीत, इतकेच.

या घरांना धाक वाटतो तो कानी येणाऱ्या अदृश्य आवाजांचा आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशा संशयाचा. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध या कामी प्रथम वापरले गेले. तेव्हापासून पुष्कळ रुग्णांचे हे भास व भ्रम औषधांनी आटोक्यात येऊ लागले आहेत. मग आप्तमंडळी सुटकेचा निःश्वास टाकून सांगतात, ‘आता शांत आहे.’ परंतु हा शांत मनुष्य दुपारपर्यंत अंथरुणात पडून असतो, स्नानाचे त्यास तीनदा सांगावे लागते, जुना मित्र दारी आला तर तो आतल्या खोलीत जातो. वडील त्यास आळशी म्हणतात, भाऊ ऐतखाऊ म्हणतो. वस्तुतः हाही रोगच होय. जे नसावे ते असणे ही लक्षणांची एक जात; जे असावे, म्हणजे इच्छा, उत्साह, बोलावेसे वाटणे, ते नसणे ही दुसरी. पहिलीने घर हादरते. दुसरीने रुग्णाचे शिक्षण, नोकरी आणि संसार बुडतो, आणि तिच्यावर औषधांची मात्रा फारशी चालत नाही.

तज्ज्ञांस हे ठाऊक नाही असे नव्हे. १९८७ साली के, फिझबाइन व ओप्लर यांनी प्रसिद्ध केलेली ‘पॅन्स’ ही मोजपट्टी आज जगभर संशोधनात वापरली जाते. तीत ३० कलमे आहेत: सात पहिल्या जातीची, सात दुसऱ्या जातीची, सोळा सर्वसाधारण. प्रत्येकास १ ते ७ गुण, म्हणजे ठणठणीत माणसासही ३० गुण मिळावयाचेच! तिची मुलाखत नीट घ्यावयाची तर अर्धा-पाऊण तास लागतो. अमूर्त विचारशक्ती पारखण्याकरिता रुग्णास म्हणींचा अर्थ विचारतात. तेथे भाषांतरित इंग्रजी म्हण काय कामाची? ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हेच विचारले पाहिजे. तसेच विठ्ठल आपल्याशी बोलतो असे म्हणणारा वारकरी आणि भ्रमाने ग्रासलेला रुग्ण यांतील भेद रुग्णाचा समाज जाणणाऱ्यासच कळेल. आणि मुख्य गोष्ट ही की, रुग्ण लोकांपासून किती दूर राहतो या कलमाचे गुण मुलाखतीवरून द्यावयाचेच नसतात. ते शुश्रूषा करणाऱ्यांच्या वा घरच्यांच्या सांगण्यावरून द्यावयाचे असतात.

याहून अवघड काम पुढेच आहे. रुग्णाचा चेहरा निर्विकार दिसतो, तो कशाने? रोगाने, औषधामुळे आलेल्या स्नायूंच्या ताठरपणाने, सोबतच्या खिन्नतेने, की वर्षानुवर्षे त्याच्याशी कोणी बोललेच नाही म्हणून? चारही ठिकाणी चेहरा तोच. उपाय मात्र निरनिराळे. ताठरपणास रोग समजून गोळ्या वाढविल्या, तर रुग्णास अधिकच दगड बनविल्यासारखे होईल.

हा निवाडा सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत काही मिनिटांत व्हावयाचा असतो. झोप लागते काय, आवाज येतात काय, गोळ्या घेता काय, हे तीन प्रश्न होतात, त्यांची उत्तरे समाधानकारक येतात, आणि जुनेच औषध पुढे चालू राहते. डॉक्टरांस आम्ही दोष देत नाही. बाहेरची रांग त्यांनी लावलेली नाही. पण यास तपासणी म्हणावयाचे तर शब्दाचा अर्थ फारच पातळ करावा लागेल.

घरच्यांचे सांगणे म्हणजे वेदवाक्य, असेही आम्ही मानीत नाही. थकलेला बाप अतिशयोक्ती करतो, माया करणारी आई झाकून नेते. म्हणून रुग्णास एकट्याने बोलू दिले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार त्यास दिलाच आहे. ज्याचे लेखी मत कायदा मानतो, त्याचे तोंडी म्हणणे ऐकावयास दवाखान्यास सवड नसावी, हे विपरीत होय.

भारतीय तज्ज्ञांनी अपंगत्व ठरविण्याकरिता तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी स्वतःची देखभाल, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम अशा चार बाबी पाहते. प्रमाणपत्राच्या वेळी काढली जाणारी ही मोजपट्टी उपचारांतही नियमाने का वापरू नये? आमची मागणी माफक आहे. प्रत्येक सरकारी व महापालिकेच्या मनोविकार विभागात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता वा परिचारिका नेमावी, तिने दर सहा महिन्यांनी रुग्णाशी व त्याच्या आप्तांशी निरनिराळे बसून अर्धा तास बोलावे, आणि ते टिपण औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टरांच्या टेबलावर असावे. या पदांची तरतूद राज्य शासनाने व महापालिकेने आपापल्या येत्या अंदाजपत्रकातच केली पाहिजे.