आधी विहीर मोजा, मग अर्ज लिहा



हिवाळा लागला की गावोगावच्या शाळांच्या सहली नागपूरला निघतात. गांधीबागेची गर्दी ओलांडून गाडी गांधीसागर तलावाकडे वळते आणि रमण विज्ञान केंद्रापाशी थांबते. १९९२ साली सुरू झालेले हे केंद्र पाहून पोरे हरखून जातात. पण दुसऱ्या दिवशी शाळेत यावे, तर तिथे साधे पर्जन्यमापकही नसते. विज्ञान म्हणजे वर्षातून एकदा पाहायची जत्रा झाली आहे.

यासाठी पैसा कुठून आणायचा, असे आपण म्हणतो. पैसा आहे, पण तो मागण्याची रीत आपल्याला जमत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शिक्षण व पर्यावरण दोन्ही त्यात बसतात. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. वेकोलि आणि मॉयल यांची तर मुख्यालयेच नागपुरात आहेत.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावासाठी मी मोठ्या हौसेने अर्ज लिहून दिला. ‘पर्यावरण जनजागृती व विज्ञान साहित्य’ असे लिहून खाली दोन लाखांचा आकडा टाकला. अर्ज परत आला. सोबत एकच प्रश्न होता : मुले नेमके काय करणार? त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

उत्तर गावातच असते. नरखेड-काटोल पट्ट्यातला संत्रा बागाईतदार उन्हाळ्यात विहिरीच्या तळाकडे पाहून बसतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी घेते. त्याच महिन्यांत शाळेच्या पोरांनी गावातल्या दहा विहिरी टेप सोडून मोजाव्यात. पावसाळ्यात रोज सकाळी पाऊस मोजून शाळेच्या फळ्यावर लिहावा. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की कोणत्या शिवारात नवी बोअर घेणे म्हणजे पैसा मातीत घालणे आहे, हे ठरवायला गावाच्या हाती काहीतरी आधार येईल. विज्ञान शिक्षण, पर्यावरण शिक्षण ते हेच.

अर्ज असाच लिहावा. आधी गावाची अडचण, मग मुलांचे काम महिन्यानुसार, मग जबाबदार शिक्षकाचे नाव आणि शेवटी साहित्य. प्रत्येक वस्तूचे दरपत्रक जोडावे. पैसा संपल्यावर काम कसे चालेल, तेही दोन ओळींत लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवाच. ‘अंदाजे’ हा शब्द खर्चाच्या तक्त्यात नको.

आता अर्ज कोणाच्या नावे करायचा? कंपनी स्वतः शाळेला साहित्य देऊ शकते. संस्थेमार्फत घ्यायचे असेल, तर तिची नोंदणी, आयकराची १२अ व ८०ग ही प्रमाणपत्रे, तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. म्हणून अनुदानासाठी घाईघाईने नवी संस्था काढू नका. जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेला सोबत घ्या. परदेशी प्रतिष्ठानाचा पैसा मात्र २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी वा परवानगीशिवाय घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक. ‘मी मंजूर करून आणतो, टक्केवारी द्या’ म्हणणारे गावात फिरतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. चांगला अर्ज चार पानांत बसतो, आणि तो गावचा मास्तर, दोन पालक व एक जाणता शेतकरी मिळून लिहू शकतात.

पण अनुदान मिळेपर्यंत थांबू नका. टेप तर घरात आहे ना? या महिन्यात दहा विहिरी मोजून घ्या आणि तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचा. अर्जाला जोडायचा पहिला कागद तोच. आणि समजा अर्ज परत आलाच, तरी आपल्या पाण्याचा हिशेब तुमच्या पोरांच्या वहीत राहील. तो कोणी परत नेत नाही.