शंभर वर्षे

परमुलुखात वाढदिवस आला म्हणजे माणूस तो बहुधा लपवितो. पोलंडात चेंस्टोहोवाच्या वाटेवर आमच्या सोबतच्या बाईंनीही तेच केले. आई वारल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच वाढदिवस. वॉर्सातून ६ ऑगस्टला निघणारी ही पदयात्रा १७११ पासून चालत आली आहे. नऊ दिवस यात्रेकरू एकमेकांस 'बंधू', 'भगिनी' अशीच हाक मारतात, आणि वाटेवरचे शेतकरी त्यांना निजावयास आपली धान्याची कोठारेही मोकळी करून देतात.

अशाच एका घरी बोलता बोलता ती गोष्ट बाहेर आली. तिकडील वडीलधाऱ्यांत वाढदिवसाहून नामसंताच्या सणाचे अप्रूप अधिक. तरीही घरधनीणीने खसखशीचा केक कापला आणि सारे उभे राहून 'स्तो लात' गाऊ लागले. अर्थ एवढाच, शंभर वर्षे. आपल्या 'शतायुषी व्हा'चे सख्खे भावंडच ते!

बाईंचे डोळे भरून आले. मग आम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकिकत सांगितली. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांना, बहुतेक बायकामुलांना, आसरा मिळाला होता. घरधनीणीने 'वळिवडे' हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला, आणि बाईंच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.